आमच्या पट्टीचा तानपुरा



आम्ही सात जणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात भजन म्हणतो. वेचणीच्या दिवसांत बोटं कापसाच्या बोंडांनी सोललेली असतात, तरी संध्याकाळी बसतोच. आज आम्ही सांगणार आहोत, ते आम्ही मापानं बनवून घेतलेल्या तानपुऱ्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, तानपुरा कशाला? मोबाईलवर फुकट वाजतो. खरं आहे, आम्हीही वर्षभर त्याच्यावरच म्हटलं. आमची अडचण सुराची नव्हती, पट्टीची होती. गावच्या भजनात पेटी पुरुषांच्या गळ्याला धरून काळी एकमध्ये लागते. त्या पट्टीत बाईनं खाली म्हटलं तर आवाज पोटात राहतो आणि वर म्हटलं तर किंचाळल्यासारखा येतो. दोन तासांनी घसा बसतो, आणि लोक म्हणतात, बायांचा आवाज टिकत नाही. टिकेल कसा? चप्पल दुसऱ्याच्या मापाची घातली तर पायाला दोष देता का?

म्हणून बचतीतले पैसे वाद्यावर घालायचं ठरलं. वाद झाला. शिलाई मशीन घेतली असती तर चार पैसे आले असते, असं आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की मशीनचे पैसे वेगळे राखायचे आणि तानपुऱ्यासाठी प्रत्येकीनं वेचणीच्या मजुरीतून वेगळी भर घालायची. दोन हंगाम लागले.

बनवून घ्यायचा तर मिरजेलाच. पिढ्यानपिढ्या तिथं सतारी आणि तानपुरे घडतात. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी या कामाकडे वळली आणि फरीदसाहेबांचं नाव या कलेत मोठं झालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडून जायचं तर धामणगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी, ती थेट मिरजेला नेते.

पण जायच्या आधी घरचं काम करा. कारागीर पहिला प्रश्न विचारतो : पट्टी कोणती? तारेची लांबी, जाडी आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात. लांब दांडीचा तानपुरा फार वर चढवला तर तार तुटते. आखूड तानपुरा फार खाली उतरवला तर तार सैल पडून नुसती खडखडते. म्हणून आधी आठवडाभर पेटीवर म्हणून बघा. ज्या ‘सा’वरून खालचा पंचम आणि वरचा मध्यम, दोन्ही घसा न ताणता लागतात, ती तुमची पट्टी. आमच्यातल्या पोरींना काळी पाच सोपी जात होती, आजीबाईंना काळी तीन. मधली काळी चार घेतली.

‘लेडीज तानपुरा द्या’ एवढंच सांगून थांबू नका. बाईचा आवाज एका मापाचा नसतो. गंगूबाई हनगलांचा आवाज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल झाला, आणि त्याच आवाजानं त्यांनी मैफली गाजवल्या. आपला गळा जसा आहे तसा सांगावा, त्यात लाज नाही.

मग भोपळा बघा. तो आपल्या भाजीचा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पुरता वाळलेला हवा. टिचकी मारली तर आवाज भरीव यावा, भेग नसावी. दांडीला तुणीचं लाकूड वापरतात, तेही मुरलेलं हवं. नक्षीवर पैसे घालू नका, जवारीवर घाला. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्याला निसटता स्पर्श करते, खाली सुताचा दोरा सरकवला की सूर उमलतो. ती जवारी. बयाणा देण्याआधी एक गोष्ट पक्की विचारा : काही वर्षांनी तारांनी घोडी झिजली, तर जवारी कोण काढून देणार?

आणताना एसटीच्या टपावर देऊ नका. आम्ही रजईत गुंडाळून मांडीवर आणला. आपल्या मे महिन्यात भोपळ्याला भेग जाण्याची भीती, म्हणून मातीच्या भिंतीच्या गार खोलीत ठेवतो, पत्र्याखाली कधीच नाही. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जोर करू नये. कोरड्या दिवसांत घसरतात, तेव्हा खडू घासावा. वाजवायचा नसेल तेव्हा तारा थोड्या उतरवून ठेवाव्या.

तानपुरा कोणा एकीचा नाही. दर महिन्याला घर बदलतं, आणि जिच्या घरी असेल तिनं तो लावायला शिकायचा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची पितळेची खर्जाची. मोबाईल लावलेला सूर देतो, तानपुरा आपल्याला सूर लावायला लावतो. सहा महिन्यांत आमच्यातल्या पाच जणी डोळे मिटून जोड लावू लागल्या. कान उघडला, तसा घसाही मोकळा झाला.

मागच्या पोळ्यानंतर पुरुष मंडळींनी तानपुरा एका रात्रीसाठी मागितला. आम्ही दिला. त्यांनी तो काळी एकला उतरवायला घेतला, तारा लोंबल्या. मग तेच म्हणाले, हा तुमच्याच गळ्याचा आहे. त्या रात्री पहिली चार भजनं आम्ही म्हटली, काळी चारमध्ये, आणि पेटीवाल्यानं पट्टी बदलली.

तुमच्याकडे तानपुऱ्याएवढे पैसे नसतील तरी चालेल. पण आपली पट्टी कोणती, एवढं येत्या आठवड्यात शोधून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या भजनाला बसण्याआधी पेटीवाल्या भाऊंना ती सांगा.