काटकसरीचे पुण्य कोणाच्या खात्यावर?

(नागपूर येथे एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



काटकसर हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे. त्याविरुद्ध बोलायला मी उभा नाही. परंतु संकटकाळात तो संस्कार नेमका कोणाला भोवतो, हे पाहिले पाहिजे.

२०२० च्या दिवाळीत माझे वेतन सुरळीत सुरू होते. तरीही महालातील एका शिंप्याकडून दरवर्षी शिवून घेत असलेले दोन कुर्ते मी त्या वर्षी शिवले नाहीत. ‘जायचे आहे कुठे?’ हा युक्तिवाद घरात सर्वांना पटला; मलाही थोडे पुण्यवान वाटले. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पादन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले होते. ती बातमी मी स्वतः संपादित केली होती. त्या आकड्यात माझा शिंपी आहे, हे मात्र दिसले नाही.

जानेवारी १९३१ मध्ये, महामंदीच्या दिवसांत, अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी ब्रिटनमधील गृहिणींना रेडिओवरून खरेदीसाठी बाहेर पडण्याचे आवाहन केले होते. साहेबाचा दाखला नाइलाजाने देतो. आपल्याकडे गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानला, तो काही गृहस्थ तिजोरी सांभाळतो म्हणून नव्हे!

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना १०,००० रुपयांचा बिनव्याजी उत्सव अग्रिम आणि प्रवास सवलतीच्या बदल्यात खरेदीची योजना दिली. हेतू स्तुत्य होता. पण या दुसऱ्या योजनेत १२ टक्के वा अधिक कर असलेलीच खरेदी ग्राह्य होती. फ्रीज चालला, ५ टक्के कराची, आपल्या कोष्टी बांधवांनी विणलेली साडी चालली नाही. पणती विकणाऱ्या कुंभाराकडे तर पावतीपुस्तकच नसते. त्याच्यापर्यंत शासनाची योजना पोहोचत नाही, आपल्या घरातली पिशवी पोहोचते.

कर्ज काढून हौस करणाऱ्याचे समर्थन मी करीत नाही. ज्याचे उत्पन्न बुडाले, त्याने हात आखडलाच पाहिजे. पण ज्यांच्याकडे निवृत्तिवेतन एक तारखेला जमा होते, त्यांनीही इस्त्रीवाल्याला ‘सध्या नको’ म्हणावे? स्वदेशी जागरण मंचाची स्थापना १९९१ मध्ये याच नगरीत झाली. परकी वस्तू टाळायच्या, एवढे आपण लक्षात ठेवले. शेजारच्या कारागिराकडून घ्यायचे, हा उत्तरार्ध विसरलो.

पुढल्या वर्षी मी कापड घेऊन महालात गेलो, तेव्हा दुकानाला कुलूप होते. काही महिन्यांनी एका मित्राच्या इमारतीपाशी तोच शिंपी पहारेकऱ्याच्या गणवेशात भेटला. मी कुर्त्यांचा विषय काढला. “मशीन विकली, भाऊ,” तो म्हणाला, आणि माझ्या स्कूटरसाठी त्याने फाटक उघडले.