मुक्या सोबत्याचे घरातील स्मरण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव पुकारले गेले तेव्हा काही चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते मी पाहिले. सुवर्णमहोत्सवात तप, दान, तीर्थ यांवर बोलायचे सोडून हे गृहस्थ कुत्र्याच्या फोटोवर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. परंतु मीरा-भाईंदरच्या आपल्या इमारतींतून कुत्री-मांजरे पाळणारी साधर्मिक कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. (पिंजऱ्यातील पोपटाला मी पाळणे म्हणत नाही, आणि १९७२ चा वन्यजीव कायदाही देशी पोपटांना तसे ठेवू देत नाही, असो.) असा सोबती घरातून जातो तेव्हा काय करावे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

आमच्या घरी मोती तेरा वर्षे होता. पावसाळ्यातल्या एका रात्री तो गेला. शेवटचे दोन तास मी गॅलरीत उभा राहून सकाळच्या गाडीची व्यवस्था फोनवरून करीत होतो. त्याच्यापाशी माझी पत्नी बसली होती. रोज पहाटे नवकाराची माळ फेरणारा मी, त्या जीवाच्या कानात एकदाही नवकार म्हणालो नाही. ते सुचलेच नाही. ही चूक माझी, आणि आजचे बोलणे तिच्यातूनच निघाले आहे.

तिसऱ्या दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या नातीने मोतीचा फोटो घरदेरासरात, भगवंतांच्या बाजूला ठेवला. त्याच्यावर त्याचा पट्टा आणि झेंडूची माळ. तिच्या आजीने काही न बोलता तो उचलून कपाटात ठेवला. मुलगी रडली नाही. मला एवढेच म्हणाली, "आजोबा, सगळे जीव सारखे म्हणता, मग मोतीला जागा का नाही?"

मी तिला हात धरून देरासरात नेले आणि मूर्तींच्या पायथ्याशी पाहायला सांगितले. आदिनाथ भगवंतांच्या आसनाखाली वृषभ, अजितनाथांच्या हत्ती, संभवनाथांच्या घोडा, अभिनंदनस्वामींच्या वानर, महावीरस्वामींच्या सिंह. मूर्ती कोणाची हे आपण या मुक्या जिवांवरून ओळखतो. त्यांना जागा आहे, मानाची आहे. पण ती पूजेची नाही. मोतीचा फोटो भगवंतांच्या शेजारी शोभत नाही तो कुत्रा म्हणून नव्हे. माझ्या वडिलांचा फोटोही मी तिथे ठेवीत नाही. हे तिला पटले.

मला स्वतःला मात्र आणखी विचार करावा लागला. आपल्या शास्त्रानुसार देह सोडलेला जीव काही समयांतच नव्या गतीत पोहोचतो. तो फोटोत नाही, पट्ट्यात नाही, अस्थींतही नाही. त्याच्या नावाने ठेवलेला घास त्याला मिळत नाही. म्हणून तर आपल्याकडे श्राद्ध नाही. शिवाय इष्टवियोगाचे दुःख उगाळीत बसणे हा आर्तध्यानाचा एक प्रकार सांगितला आहे. मग स्मारक करूच नये काय? काही वडीलधारी तसे म्हणतील. मी त्यांच्याशी आदरपूर्वक असहमत आहे. फोटो कपाटात गेला म्हणून मुलीचे आर्तध्यान थांबले नव्हते. ते फक्त आमच्या नजरेआड झाले होते.

माणसाने अशा जिवांची स्मारके पूर्वीपासून केली आहेत. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकातील एक शिलालेख सापडला. तो आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. गंगराजा बूतुग याने मणलेर नावाच्या वीराला दिलेली काळी नावाची कुत्री रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेली. तिच्यासाठी शिळा उभारून जमीन दिली गेली, आणि त्या शिळेची पूजा केल्याविना पुजाऱ्याने जेवू नये असे बंधन घातले गेले. ती शिकार होती, तेव्हा त्या पराक्रमाची अनुमोदना आपण करू शकत नाही. आपल्या रायगडावर १९३६ मध्ये वाघ्या कुत्र्याचे स्मारक झाले. त्याला समकालीन आधार नाही म्हणून वाद झाले, २०११ मध्ये पुतळा हटवून पुन्हा बसविला गेला आणि २०२५ मध्ये तो हटविण्याची मागणी पुन्हा झाली. दगडाचे स्मारक झाले की त्याची पूजा आणि त्याचा वाद दोन्ही मागे लागतात.

आपल्या परंपरेने मात्र कुत्र्याची आठवण निराळ्या रीतीने जपली. वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणि' या संस्कृत काव्यात जीवंधरकुमाराची कथा आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून काही लोकांनी एका कुत्र्याला मरेपर्यंत मारले. जीवंधराने त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला. वाचत नाही असे दिसताच त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. तो जीव यक्ष झाला आणि पुढे जीवंधराच्या संकटकाळी धावून आला. दिगंबर-श्वेतांबर दोन्ही परंपरांत मन असलेल्या पंचेंद्रिय तिर्यंचाला सम्यक्त्वाची, इतकेच नव्हे तर श्रावकव्रतांचीही पात्रता मानली आहे. जीवंधराने जे केले ते त्या कुत्र्याचा श्वास चालू असताना केले. मोतीसाठी माझ्या हातात असलेले तेच दोन तास मी फोनवर घालविले. ज्यांच्या घरी आज वृद्ध प्राणी आहे त्यांना माझी विनंती आहे की गाडीची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे सोपवा आणि त्याच्यापाशी बसा.

देहाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. तो पिशवीत बांधून कचऱ्यावर वा खाडीत टाकू नये. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनाची सोय सुरू केली. आपल्या प्रभागात काय व्यवस्था आहे याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. फोटो कपाटातून निघून नातीच्या अभ्यासाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर गेला. झेंडूची माळ नाही, कारण एका जिवाच्या स्मरणासाठी फुले तोडायची नाहीत; दिवा नाही, कारण पावसाळ्यात त्यावर पतंग येऊन जळतात. फोटोखाली तिने एक वही ठेवली आहे, तिच्यात मोतीच्या खोड्या लिहिते. त्याचे अंथरूण आणि उरलेला खुराक जीवदयेचे काम करणाऱ्यांना दिला. पट्टा द्यायला मात्र ती तयार नव्हती. मी आग्रह धरला नाही. मोह एका दिवसात सुटत नाही, माझाही सुटलेला नाही. तिथीला पांजरापोळीत यथाशक्ती रक्कम पाठवितो. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी बांधवांनी मोठा उठाव केला, आणि १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. भायखळ्याच्या देरासरामुळे आपल्याला परिचित असलेले मोतीशा शेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी ती मिळून उभारली, ही आठवण मला नेहमी समाधान देते.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत चार लक्ष तिर्यंच पंचेंद्रियांच्या आहेत. इतकी वर्षे ती संख्या मी तोंडाने म्हणत आलो. मागच्या संवत्सरीला त्या ओळीपाशी माझा आवाज अडला, आणि शेजारी बसलेल्या नातीने पुढचे शब्द म्हटले.

सोसायटीच्या कमिटीची संमती घेऊन आम्ही फाटकाबाहेर मोतीची वाटी ठेवली आहे. नात सकाळी पाणी गाळून भरते आणि सूर्यास्तापूर्वी वाटी रिकामी करून पुसून ठेवते, रात्रभर त्यात जीव पडू नयेत म्हणून. दुपारी एक तपकिरी कुत्रा येतो. त्याला तिने अजून नाव दिलेले नाही.