डच चित्रांतील गाई आणि त्यांच्यामागची माणसे



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्या चित्रांत पोटापाण्याचा व्यवहार उतरला आहे, ती पाहण्याचा अधिकार कामगारालाही आहे.

हॉलंडातील हेग शहरी माउरिट्सहाउस नावाचे संग्रहालय आहे. तेथे पाउलुस पॉटर या तरुण चित्रकाराने १६४७ साली काढलेला एक वळू आहे. चित्र सुमारे ११ फूट रुंद आणि पावणेआठ फूट उंच. एवढा मोठा पट त्या काळी राजे, सेनापती आणि धर्मकथा यांच्यासाठी राखलेला असे. पॉटरने तो गोठ्यातल्या जनावराला दिला. अंगावरच्या माशा आणि गवतातले शेणही वगळले नाही. कुंपणामागे झाडाला टेकून एक शेतकरी उभा आहे, पण पाहणाऱ्याची नजर आधी वळूवरच जाते.

हा मान गाईगुरांना का मिळाला? डचांनी पवनचक्क्यांनी पाणी उपसून जमीन काढली. बेमस्टरचे सरोवर १६१२ साली कोरडे झाले. त्याला भांडवल मुख्यतः ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पुरवले. धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजांनी येई, म्हणून कुरणे दूधलोण्याला मोकळी राहिली. चीज परदेशी जाऊ लागले. गाय ही देशाचीच खूण झाली. त्या काळच्या एका विडंबनचित्रात हा देश म्हणजे दुभती गाय दाखवली आहे: स्पेनचा राजा दुसरा फिलिप तिच्या पाठीवर बसला आहे, इंग्लंडची एलिझाबेथ राणी चारा घालते आहे आणि आंजूचा ड्यूक शेपटी ओढतो आहे. गाय एक, हक्क सांगणारे अनेक! पुढे अठराव्या शतकात बुळकांडीच्या साथींनी गोठे ओस पाडले, तेव्हा तो फटका साऱ्या देशाला बसला.

आता आजचे पाहा. अतोनात गुरांच्या शेणमुतातून निघणारा अमोनिया तेथील रानांना आणि पाणथळींना सोसेनासा झाला. २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नत्र-प्रदूषणाला परवाने देण्याची सरकारी पद्धत रद्द ठरवली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन त्याच हेग शहरात आले.

निसर्गाची बाजू खोटी नाही. जमीन मेली तर गोठाही मरतो. पण गुरे वाढवा, कर्ज काढा, दूध वाढवा, हा सल्ला शेतकऱ्याला वर्षानुवर्षे ज्यांनी दिला आणि त्यावर ज्यांनी नफा मिळवला, त्यांनी आपला वाटा उचलायला नको काय? गिरणी बंद करताना आम्ही जो प्रश्न विचारतो, तोच हा प्रश्न आहे: तोटा कोणाच्या पदरात टाकता?

हा प्रश्न दूरचा समजू नका. आपल्याकडच्या गोठ्यांतल्या काळ्यापांढऱ्या संकरित होल्स्टीन गाईंचे मूळ त्याच फ्रिसलंडच्या कुरणांत आहे. येथेही दुधाचे लिटर सर्वजण मोजतात. पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईचे तास मात्र कोणी मोजत नाही. पॉटरने निदान शेतकऱ्याला कुंपणामागे उभे तरी केले. आपण दुधाचा भाव ठरवताना त्या बाईला बैठकीत बसवावे, एवढेच माझे मागणे आहे.