म्हातारचळ म्हणण्यापूर्वी



साहित्यसंस्थेने डॉक्टरला बोलावले, तेव्हा त्याने निदान शब्दापासून तरी सुरुवात करावी. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक शब्द आहे: म्हातारचळ. परवापर्यंत हिशेब चोख ठेवणारे आजोबा आठ-पंधरा दिवसांत गोंधळतात, तहान भागत नाही, पोट साफ होत नाही, दिवसा झोपून राहतात. आपण म्हणतो, म्हातारचळ लागला. आणि विषय मिटतो. तो इतक्या लवकर मिटवू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

गाठ जिथे, त्रास तिथे, असा आपला समज असतो. पण काही कर्करोगांत गाठ एकीकडे असते आणि लक्षणे भलतीकडे दिसतात. गाठ तिथवर पसरलेली नसतानाही. याला पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. हे दोन वाटांनी घडते. कधी गाठच संप्रेरकासारखे द्रव्य रक्तात सोडते. त्याने कॅल्शियम वाढले, तर वर सांगितलेल्या आजोबांसारखी अवस्था होते. सोडियम उतरले, तरी माणूस गोंधळतो, झटकेही येतात. कधी गाठीशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. लॅम्बर्ट-ईटन या विकारात मांड्यांतले बळ जाते, खुर्चीतून उठवत नाही. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे कर्करोग सापडतो, बहुधा फुफ्फुसाचा.

पॅरिसचे वैद्य आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये आपल्या व्याख्यानात सांगितले होते, की शिरांत वारंवार रक्ताच्या गुठळ्या होणे ही लपलेल्या कर्करोगाची खूण असू शकते. 1867 मध्ये तीच खूण त्यांना स्वतःच्या अंगावर दिसली. तिचा अर्थ त्यांना कोणी सांगावा लागला नाही. त्याच वर्षी ते पोटाच्या कर्करोगाने गेले.

दुसरा शब्द याहून क्रूर आहे: ‘बाहेरचे झाले’. 2007 मध्ये जोसेप दालमाव आणि सहकाऱ्यांनी 12 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भ्रम, भीती, विचित्र वागणे, मग झटके आणि बेशुद्धी असा त्यांचा आजार होता. त्यांतल्या 11 जणींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ निघाली. ही गाठ बहुधा कर्करोगाचीही नसते. ती काढून प्रतिकारशक्ती शमवणारी औषधे दिली, तर अशा अनेक रुग्ण बऱ्या होतात. अशी मुलगी मांत्रिकाच्या दारात बसवली, तर ते दिवस वाया जातात.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही. गोंधळलेल्या वृद्धांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतो. जंतुसंसर्ग असतो, साखर कमी-जास्त झालेली असते, एखादे औषध मानवलेले नसते. पण यांतले कारण शोधावेच लागते. वय वाढल्याने माणूस आठ दिवसांत बदलत नाही.

म्हणून बदल केव्हा सुरू झाला, ती तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना तो क्रमाने सांगा. रक्तातले सोडियम आणि कॅल्शियम पाहिले का, असे विचारायला संकोचू नका. मूळ रोग बरा होणार नसला, तरी वाढलेले कॅल्शियम उतरवता येते, आणि काही दिवसांत आजोबा पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारू शकतात. त्या घराला त्याचे मोल किती असते, ते मी पाहिले आहे.