किती वेढे?



हळदीच्या गावात येऊन मी ज्येष्ठमधावर बोलणार, याबद्दल वसमतकर मला माफ करतील. त्यांच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. ज्येष्ठमध बाहेरून येतं, बरंचसं अफगाणिस्तान-इराणकडून, आणि आपण ते परसातलं असल्यासारखं वापरतो. मोंढ्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहणारा माणूससुद्धा काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमधाची पुडी न उघडता घरी नेतो. त्यात गुंजेचं मूळ मिसळतात, हे त्याला कोण सांगणार?

ज्येष्ठमधाच्या गुणांबद्दल माझा वाद नाही. घसा बसलेले कीर्तनकार कांडी चघळतात ते उगाच नव्हे. कोरडा खोकला, आम्लपित्त यांवर ते चालतं. चरकाने त्याला मेध्य रसायनांत बसवलं. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांना त्याचा अर्क दिला. व्रणाला उतार पडला, पण काहींच्या अंगावर सूज आली. आपण उतार लक्षात ठेवला, सूज विसरलो.

ही सूज येते ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे. कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारं मूत्रपिंडातलं विकर ते दाबून टाकतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनसारखं वागू लागतं: मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो, पायांतली शक्ती जाते, प्रसंगी हृदयाची लय बिघडते. औषध थांबवलं तरी हे ओसरायला आठवडे लागू शकतात.

युरोपातल्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे. मुळात चार टक्के ग्लिसिरायझिन धरलं, तरी चार ग्रॅमला १६० मिलिग्रॅम भरतं. माझ्या मते यात भांडण नाही: वैद्याच्या नजरेखाली चार-आठ दिवस ही मात्रा ठीक, महिनोन्‌महिने नाही.

जुन्या घरात हा हिशेब सहाणेवर व्हायचा. बाळगुटी उगाळताना आजी ज्येष्ठमधाचा एक वेढा देई, हळकुंडाचा एक, आणि थांबे. (सहा महिन्यांच्या आत बाळाला गुटी नको, हे बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं मला मान्यच आहे.) आज वेढे मोजतंय कोण? सकाळी काढा, दुपारी चघळायची गोळी, रात्री खोकल्याचं सिरप. तिन्हींत तेच मूळ. करोनाच्या साथीत चुलीवर चढलेला काढा कित्येक घरांत अजून उतरलेला नाही.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ज्येष्ठमध टाळावं. पण रुग्ण सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हे; आणि डॉक्टर विचारत नाहीत, कारण त्यांच्याही लेखी नव्हे. दाब उतरत नाही म्हणून तिसरी गोळी लिहिली जाते.

डॉक्टरांनो, ती लिहिण्याआधी काढा, चूर्ण, सिरप यांची चौकशी करा आणि पोटॅशियम तपासा. दुकानदार मित्रांना विनंती एवढीच, की सुट्या ज्येष्ठमधाच्या पुडीवर पेनाने लिहून द्या: रोज घेऊ नये, बीपी असल्यास विचारून.