घमेले, थापी आणि मुकादमी

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी आम्हाला 'बांधकाम व्यवसायातील स्त्रियांचे नेतृत्व' हा विषय देण्यात आला आहे. विषय जाहीर होताच मागच्या रांगेतल्या काही भगिनी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचे हसणे आम्हाला समजते. आईने किंवा आजीने डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहिली, अशी घरे आपल्या वस्तीत थोडी नाहीत. बांधकामावर बाई पहिल्यापासून आहे. पाया खणताना आहे, स्लॅब पडताना आहे. हुकूम देणाऱ्यांत मात्र ती दिसत नाही. असे का, याचा विचार आज करावयाचा आहे.

आधी साइटवरची उतरंड पाहू. सर्वांत खाली बिगारी. त्याच्या वर गवंडी, सुतार, सळई बांधणारे. त्यांच्या वर मुकादम, मग लहान कंत्राटदार, मग मोठा. इंजिनिअर येतो तो बाजूच्या दाराने, शिक्षणाच्या बळावर. आजचे कितीतरी मुकादम आणि कंत्राटदार एकेकाळी बिगारीच होते. गावाकडून आलेला पोरगा काकाच्या हाताखाली लागतो. जेवणाच्या सुट्टीत थापी उचलून दोन विटा लावून बघतो. काका शिव्या देत देत त्याला ओळंबा सोडायला, गुण्या लावायला शिकवतो. काही वर्षांत तो गवंडी होतो, पुढे चार माणसे त्याच्या हाताखाली येतात. त्याच दिवशी त्याच साइटवर कामाला लागलेली बाई मात्र वीस वर्षांनीही बिगारीच असते. तिच्या हातात थापी कोणी दिलीच नाही.

आणि तिला काही येत नाही असे कोणी म्हणू नये. माल कोण कालवते? सिमेंट किती, वाळू किती, पाणी किती, हे तिच्या हाताला ठाऊक असते. भिंत बांधून झाल्यावर तिच्यावर दिवसेंदिवस पाणी कोण मारते? काँक्रीट आणि सांधे मजबूत होतात ते या पाण्यामुळे. त्यात कसूर झाली तर उत्तम गवंड्याचे कामही फुकट जाते. पण या कामाला कौशल्य म्हणत नाहीत, कारण ते बाई करते.

आपली भाषाही बघा. 'मास्तरीण' म्हणजे एकेकाळी मास्तरांची बायको. बायका शिकल्या, शाळेत शिकवू लागल्या आणि त्याच शब्दाचा अर्थ बदलला. 'गवंडीण' म्हटले की अजूनही गवंड्याची बायकोच डोळ्यांसमोर येते. तो शब्द अद्याप तिथेच थांबला आहे.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या वेतन संहितेने घेतली आहे. पण समान कामाला समान वेतन हे तत्त्व बाईच्या उपयोगी केव्हा पडेल? समान काम तिला मिळेल तेव्हा. गवंडी पुरुष आणि बिगारी बाई, अशी वाटणी आधीच झाली की मजुरीतला फरक कायद्याच्या चिमटीत सापडत नाही. दुसरी गोष्ट नोंदणीची. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला आणि त्यातून कल्याणकारी मंडळे उभी राहिली. त्या कायद्याची जागाही आता नव्या संहितांनी घेतली आहे. मंडळात नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. परंतु नवरा-बायको जोडीने कामाला असली की उचल नवऱ्याच्या हातात, हजेरीही पुष्कळदा त्याच्याच नावावर. मग बाईने ९० दिवस भरल्याचा दाखला कोणी द्यायचा? जिचे नाव हजेरीपटावर नाही ती पुढे मुकादम कशी होणार?

मुलांचा प्रश्न तर आणखी जिकिरीचा. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी तिथल्या मजूर बायकांची मुले धुळीत पडलेली पाहिली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबईतही तिचे काम सुरू झाले. १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, अशी तरतूद होती. ती किती ठिकाणी पाळली गेली हे आपल्या भगिनींनीच सांगावे. झोळीतल्या मुलाकडे एक डोळा ठेवून परांचीवर चढून भिंत ओळंब्यात घेणे कुणालाही जमणार नाही.

आता शिडीच्या वरच्या टोकाकडे पाहू. तिथे बायका आहेत, आणि चांगल्या खणखणीत आहेत. पी. के. थ्रेसिया यांनी १९४० च्या दशकात मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून स्थापत्य अभियांत्रिकी पूर्ण केली आणि १९७१ मध्ये त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आपल्या मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून १९५३ साली शकुंतला भगत स्थापत्य अभियंता झाल्या. त्यांनी आय.आय.टी. मुंबईत अध्यापन केले आणि १९७० साली पतीसह 'क्वाड्रिकॉन' ही पूल बांधणारी कंपनी काढली. ठरावीक मापाचे सुटे पोलादी भाग डोंगरात वाहून न्यायचे आणि जागेवर जोडून पूल उभा करायचा, ही त्यांची पद्धत. नवी पद्धत म्हणून सुरुवातीला कोणी भांडवल देईना, तेव्हा त्यांनी स्वतःचे पैसे घातले. १९७२ मध्ये हिमाचलातील स्पितीमध्ये त्यांचे पहिले पूल उभे राहिले. ६ जून २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमधील चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा रेल्वे पूल सुरू झाला. त्याच्या खडकाळ उतारांच्या स्थैर्यासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. जी. माधवी लता यांनी सतरा वर्षे सल्लागार म्हणून काम केले.

या तिघींची नावे विद्यार्थिनींनी वहीत लिहून ठेवावीत. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शकुंतलाबाईंचे वडील स्वतः नामांकित पूल अभियंता होते. पूल कसा उभा राहतो हे त्यांच्या घरात बोलले जात होते. आपल्या घरात पूल बोलला जातो तो खडी वाहिल्याच्या आठवणीतून. म्हणून एखादी हुशार मुलगी इंजिनिअर झाली की आपण हार घालतो आणि शिडीच्या मधल्या पायऱ्या रिकाम्या आहेत हे विसरतो. गवंडी, सुपरवायझर, मुकादम, कंत्राटदार या जागी बाई कुठे आहे? कंत्राटदारीत बाई दिसते ती पुष्कळदा कागदावर. लायसन्स तिच्या नावे, सही तिची, आणि साइटवर नवरा किंवा दीर. याला आम्ही नेतृत्व म्हणणार नाही.

बाहेर काही प्रयत्न झाले आहेत. अहमदाबादेत 'सेवा'च्या परिवारातील महिला हाउसिंग ट्रस्टने बांधकामावरील बायकांसाठी 'कर्मिका' ही शाळा काढली. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेतील शौचालये बांधण्यासाठी गावातल्या बायकांना गवंडीकाम शिकवले गेले. राजमिस्त्रीवरून लोक त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणू लागले. बघा, काम हाती आल्याबरोबर नावही आले! अर्थात शिकून नाक्यावर उभ्या राहिलेल्या बाईला ठेकेदार पुन्हा घमेलेच देऊ पाहतो, ही अडचण आहेच. एकटीदुकटीने ती सुटत नाही. चार-सहा जणींनी मिळून लहान काम अंगावर घेतले तर सुटते, असे आमचे मत आहे.

आणि वेळ फार नाही. तयार काँक्रीट गाडीतून येते, पंपाने वर चढते, विटा लिफ्टने जातात. यंत्राने पहिल्यांदा कोणाचे काम काढून घेतले? घमेल्याचे, म्हणजे बाईचे. गवंड्याला यंत्राने अजून हटवलेले नाही. आज थापी हातात आली नाही तर उद्या साइटवर बाई उरेल ती फक्त झाडू मारायला.

विद्यार्थिनींना सांगणे असे की स्थापत्याचा डिप्लोमा किंवा पदवी घेतल्यावर ऑफिसात बसून नकाशे काढण्याची नोकरीच तेवढी सुरक्षित, असे घरचे सांगतील. त्यांची काळजी खोटी नाही. अनेक साइटवर बायकांसाठी धड मुतारीसुद्धा नसते. तरी पहिली दोन वर्षे साइट सोडू नका. माप घेणे, मेजरमेंट बुक लिहिणे, सळईचे वेळापत्रक तपासणे, बिल काढणे हे ज्याला येते त्याचेच मुकादम ऐकतो.

आणि मंडळाला आमची सूचना आहे. सभागृहाची दुरुस्ती, संरक्षक भिंत, संडासाचे काम अशी कामे मंडळाकडे अधूनमधून निघतातच. पुढचे असे काम देताना कंत्राटदाराला दोन अटी लेखी घालाव्यात. निदान दोन बायकांच्या हाती गवंडीकाम द्यावे आणि त्यांची हजेरी व मजुरी त्यांच्याच नावे लिहावी. कामावर देखरेख ठेवण्यासाठी आपल्याच डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीची नेमणूक करावी. भिंत थोडी वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधता येईल. काकाच्या हाताखालच्या पोराचीही पहिली भिंत वाकडीच असते. हा विषय पुढील कार्यकारिणीच्या सभेत घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही रजा घेतो.