ब्रेकचं दुखणं परत परत का येतं?

मंडळी,

आज आम्ही तुमच्याशी मोटारीच्या ब्रेकविषयी चार शब्द बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर पाढे घोकून घेतले, आणि आता हे मेस्त्रीचं काम कुठून काढलं? त्याला कारण आहे. आमच्या जुन्या मोटारीनं आम्हांला एकदा धडा दिला. तो धडा ब्रेकचा होता, आणि वाचण्याचाही होता.

आपल्या गावांत जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. कुणाची जीप आहे, कुणाचा टेंपो आहे. गाडी सुरू झाली नाही, तर फार तर खोळंबा होतो. पण गाडी थांबली नाही, तर जीव जातो. म्हणून ब्रेकची माहिती गाडी चालवणाऱ्याला हवी. गाडीत बसणाऱ्यालाही हवी.

ब्रेक चालतो कसा?

रंगपंचमीची पिचकारी सगळ्यांनी पाहिली आहे. पिचकारी पाण्यानं पूर्ण भरा. तिचं तोंड बोटानं घट्ट दाबून धरा. आता दट्ट्या रेटून पाहा. तो पुढे सरकत नाही. सगळा जोर बोटावर येतो. का? कारण पाणी दाबलं जात नाही.

आता तीच पिचकारी अर्धी भरा. अर्धी हवा राहू द्या. पुन्हा रेटा. दट्ट्या आत जातो, आणि सोडला की मागे येतो. कारण हवा दाबली जाते.

मोटारीचा ब्रेक असाच आहे. पायाखाली पायडल असतं. पायडल दाबलं की मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यात दट्ट्या पुढे जातो. तिथं ब्रेक ऑइल भरलेलं असतं. त्या तेलाचा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. प्रत्येक चाकाशी एक छोटं नळकांडं असतं. त्यातले दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबून धरतात. चाक घासून थांबतं. पाय काढला की स्प्रिंग शू मागे ओढते. तेल आलं त्या वाटेनं परत जातं.

तेल गळू नये म्हणून दट्ट्याला रबरी कप बसवलेले असतात. हे रबर लक्षात ठेवा. आमची सगळी गोष्ट त्या रबराचीच आहे.

आमच्या गाडीची गोष्ट

आमच्याकडे १९८९ सालची अँबेसेडर होती. ही गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार व्हायची. १९५८ पासून २०१४ पर्यंत ती तिथं बनत होती. आमच्या गाडीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. गाडी जुनी, पण दणकट.

डिसेंबर २०१५ मध्ये तिचं पुढचं एक चाक धरू लागलं. म्हणजे ब्रेकवरचा पाय काढला तरी चाक मोकळं होईना. मेस्त्रीनं चाक खोललं. रबरी कप फुगले होते. त्यानं नवे कप घातले, हवा काढली, गाडी ठीक झाली. तीन आठवड्यांनी मागचं चाक धरलं. आम्ही दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथंही कप बदलले. गाडी ठीक झाली. फेब्रुवारीत पुन्हा तेच. आता तिसरं गॅरेज. प्रत्येक मेस्त्रीनं समोर दिसलं ते काम नीट केलं. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार चालला होता.

मार्च २०१६ मध्ये शेजारच्या आजींना मोतीबिंदूसाठी चिपळूणला न्यायचं होतं. आमचं गाव पाटण तालुक्यात. वाट कुंभार्ली घाटाची. आजी मागे बसल्या. त्यांचा मुलगा आमच्या शेजारी बसला. वय चाळिशीचं. गावातल्या रात्रीच्या वर्गात तो नुकताच लिहायला-वाचायला शिकला होता.

हेळवाकाजवळ जळका वास आला. मुलगा म्हणाला, "गुरुजी, काहीतरी करपतंय." आम्ही म्हणालो, "कुणाच्या तरी ट्रकचा असेल." घाट उतरू लागलो. एका वळणावर पायडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. गाडी थांबेना.

त्या वेळी आम्ही काय केलं ते नीट ऐका. पायडल भराभर दाबत राहिलो. गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गियरमध्ये घेतली, मग पहिल्यात घेतली. हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेकला तार असते, तो तेलावर चालत नाही. आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घातली. चाकं गटारीच्या मातीत रुतली आणि गाडी थांबली.

आजी मागून म्हणाल्या, "मास्तर, मी डोळं दाखवाया निघाले, तुम्ही देवच दाखवीत होता!" आम्हांला हसूही येईना.

आजींना आम्ही एस.टी.नं पुढे पाठवलं. तासाभरानं पायडल दाबून पाहिलं, तर ते पहिल्यासारखं कडक! गाडी दोरानं ओढून खाली नेली. मेस्त्री म्हणाला, "गुरुजी, ब्रेक तर लागतोय." असंच होतं, मंडळी. रोगी वैद्यापुढं बसला की ताप उतरलेला असतो. म्हणून दुखणं केव्हा आलं, काय वास आला, किती वेळानं बरं वाटलं, हे सगळं मेस्त्रीला सांगावं लागतं.

हा मेस्त्री जाणता होता. तो म्हणाला, "चाकं धरून राहिली. घासून घासून ड्रम तापले. तापलेल्या चाकाशी तेल उकळलं. तेलाची वाफ झाली. वाफ हवेसारखी दाबली जाते, म्हणून पायडल तळाला गेलं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं. हे झालं घाटातलं. पण चाकं मुळात का धरतात?"

तेव्हा आजींचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे पहिल्यांदा झालं, त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?"

आम्हांला पेट्रोलचा खर्च टिपून ठेवायची सवय होती. वही गाडीतच होती. पानं चाळली. एक ओळ सापडली: "१ डिसेंबर. ब्रेक ऑइल कमी दिसले. घरचे घातले."

घरचा तो डबा पुढं गाडीच्या डिकीतच पडला होता. मुलानं तो हातात घेतला. त्यावर इंग्रजीत आणि हिंदीत नाव छापलं होतं. तो एकेक अक्षर लावून वाचू लागला, "इं-ज-न. इंजन ऑयल." मग त्यानं आमच्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.

मंडळी, आम्ही तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. पण त्या दिवशी डबा न वाचता ओतला. वाचता येणं निराळं आणि वाचणं निराळं.

मूळ सापडलं

इंजिनचं तेल आणि ब्रेकचं तेल, दोन्ही तेलंच. पण त्यांची जात वेगळी. ब्रेकचं रबर इंजिनच्या तेलात फुगतं आणि मऊ पडतं. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय काढल्यावर जास्तीचं तेल त्यातून टाकीत परत जातं. रबर फुगलं की हे भोक झाकलं जातं. दाब आतच अडकतो आणि चाक धरून राहतं.

मेस्त्रीनं एक गंमत दाखवली. एका रिकाम्या काचेच्या बाटलीत थोडं पाणी घेतलं. त्यात टाकीतलं तेल ओतून हलवलं. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. आमच्या बाटलीत मात्र वर तेलाचा थर तरंगू लागला. शंका फिटली.

तीन गॅरेजांत चाकांचे कप बदलले होते. पण खराब तेल नळ्यांत तसंच राहिलं होतं. ते नव्या रबरालाही फुगवत होतं. आता मेस्त्रीनं मास्टर सिलिंडरचे आणि चारही चाकांचे कप एकदम बदलले. रबरी नळ्या नव्या घातल्या. लोखंडी नळ्या नव्या ब्रेक ऑइलनं धुऊन काढल्या. त्यानंतर २०२१ मध्ये गाडी विकेपर्यंत हे दुखणं परत आलं नाही.

लक्षण ओळखा

प्रत्येक गाडीचं दुखणं आमच्यासारखंच असेल असं नाही. म्हणून लक्षणं सांगतो.

पायडल स्पंजासारखं मऊ लागलं, तर आत हवा असते. हवा काढून घ्यावी. पण हवा परत परत येत असेल, तर ती शिरते कुठून, हे शोधावं.

पायडलवर पाय दाबून ठेवला आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, तर तेल कुठंतरी गळत असतं. बाहेर गळ दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे कप बहुधा आतून झिजलेले असतात.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, तर दोन्ही बाजूंची चाकं सारखी लागत नाहीत. एखादा दट्ट्या अडकला असेल, किंवा शूवर तेल आलं असेल.

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर शूचं अस्तर संपलं. गाडी तिथंच थांबवावी.

चाक धरत असेल, तर मेस्त्रीला ते जॅकवर घ्यायला सांगा. खाली भक्कम टेकूही हवा. मग चाकाजवळचं हवा काढायचं निपल थोडं सैल करून पाहावं. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब नळीत अडकला आहे. दोष पुढच्या वाटेवर आहे. एकच चाक धरत असेल, तर त्याची रबरी नळी पाहावी. जुनी नळी आतून फुगून बंद होते, वरून चांगली दिसते. सगळी चाकं धरत असतील, तर मास्टर सिलिंडर पाहावा. पायडलला थोडा मोकळा खेळ आहे ना, तेही पाहावं. निपल सैल करूनही चाक मोकळं झालं नाही, तर दोष चाकातच आहे. अडकलेला दट्ट्या, तुटलेली स्प्रिंग किंवा गंजलेली हँडब्रेकची तार यांपैकी काहीतरी असेल.

काही पथ्यं

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. शू झिजले की टाकीतलं तेल थोडं खाली जातं. पण वारंवार कमी होत असेल, तर ते गळतंच. नुसतं भरत बसू नका. कुठं गेलं ते शोधा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ जातीचं नवं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं. उघडा राहिलेला डबा वापरू नये.

ब्रेकचं रबर पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुऊ नये. तेही रबर फुगवतात.

ड्रममधली धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत गेली तर भारी रोग होतो. ओल्या फडक्यानं पुसावी.

ब्रेक ऑइल विषारी असतं. पाण्याच्या बाटलीत कधी ठेवू नये. पोरंबाळं पितील.

घाट ज्या गियरमध्ये चढता, त्याच गियरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. चार पैसे वाचतील, पण ब्रेक तापून जातील.

आणि शेवटचं सांगणं. गाडीत एक वही ठेवा. तारीख लिहा. किती किलोमीटर झाले ते लिहा. काय बिघडलं, काय बदललं, कोणतं तेल घातलं, ते लिहा. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ही विद्या नुसती सहीपुरती नाही. आमच्या वहीतली एक ओळ आणि आजींच्या मुलानं वाचलेले दोन शब्द, यांनी जे शोधलं, ते तीन गॅरेजांना सापडलं नव्हतं.

दुखणं एकदा आलं, तर औषध करा. परत आलं, तर थांबा. आधी काय केलं होतं, हे स्वतःला विचारा, आणि वही उघडा.

आजींचे डोळे पुढं चांगले झाले. त्या गाडीत बसताना आम्हांला विचारायच्या, "मास्तर, डबा वाचलात ना?" आम्ही म्हणायचो, "वाचला, आजी."

तुम्हीही वाचा. एवढं सांगून आम्ही थांबतो.